अंगठे उचला

आज घाई करायची नाही. पुढची पंधरा-वीस मिनिटं आपण एक विमान उडवणार आहोत, आणि घाईत उडवलेली माझी विमानं शेवटी कुठे गेली ते मला चांगलं आठवतंय. तुमच्याकडे विमान असायलाच हवं असं काही नाही. जिथे बसला आहात तिथेच पाठ सैल सोडा. हात मांडीवर ठेवा, तळवे वर.

आता दोन्ही तर्जनी किंचित उचला. त्यांच्या टोकांवर एक पंख टेकलाय असं समजा. थर्माकोलचा आहे, पांढरा, पुढच्या कडेला ब्राऊन टेप लावलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मीटर वीस सेंटिमीटर. पंखाखाली धड, पुढे मोटर आणि पंखा, मागे शेपूट, पोटात बॅटरी. सगळं मिळून नऊशे ग्रॅम, म्हणजे साखरेच्या किलोच्या पिशवीहून थोडं हलकंच.

पहाटेचे साडेपाच वाजलेत. जांभूळमध्ये या वेळी फार आवाज नसतात. एखादा कोंबडा, कुणाच्या तरी मोटारसायकलची दोन-तीन वेळा फसलेली किक, आणि वारा तसा असला तर लांबून कर्जत मार्गावरच्या लोकलचा भोंगा. बाहेरच्या माणसाला आमचं गाव माहीत असलंच तर पाण्यामुळे. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र इथे आहे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून उचलून इथे शुद्ध होतं आणि पुढे कारखान्यांना आणि शहरांना जातं. विमानासाठी कोणी जांभूळला येत नाही. मीही विमानासाठी इथे राहायला आलो नव्हतो.

बोटांकडे परत या. पंख समोरून मागे वीस सेंटिमीटर रुंद आहे. तुमची बोटं पुढच्या कडेपासून साधारण सहा सेंटिमीटरवर आहेत. तिथे मी पेनाने दोन ठिपके काढून ठेवलेत. साध्या सरळ पंखाच्या विमानाचा तोल पुढच्या चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागात यावा लागतो. विमान बोटांवर थोडं झुलतं. झुलू द्या. ते कुठे थांबतं ते बघायचंय, त्याला थांबवायचं नाही.

शेपूट खाली गेली.

इथेच बहुतेकांची चूक होते. बोटभर मागे झुकलंय, चालेल, असं वाटतं. माझ्या पहिल्या विमानाच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. ते चार सेकंद उडालं. नाक जड असलेलं विमान आळशी असतं. ते उडतं, वळायला कुरकुरतं, उतरताना जोरात येतं, पण ऐकतं. शेपूट जड असलेलं विमान मात्र हातातून सुटताच नाक वर करतं, तुम्ही घाबरून खाली दाबता, ते भलतंच खाली जातं, तुम्ही वर ओढता, आणि मग जमीन येते. तेव्हा बॅटरी अर्धा इंच पुढे सरकवा. पुन्हा बोटांवर घ्या. अजून थोडं? मग नाकात एक रुपयाचं नाणं टेपने चिकटवा. पुन्हा बोटांवर.

झुलतं, झुलतं, आणि आडवं थांबतं. तुमचा श्वास नेमका याच वेळी थांबला असेल. सोडा तो.

हे थर्माकोल कुठलं, ते सांगून टाकतो. आमच्या गणपतीच्या मखराचं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि दोन वर्षं वापरलेलं मखर माळ्यावर पडून राहिलं. फेकवेना. एका पावसाळ्यात नायक्रोमची तार धनुष्यासारखी ताणून, तापवून मी त्याच्या महिरपीतून पंख कापला. गरम तार थर्माकोलमधून जाते तेव्हा आवाज होत नाही. हात थांबला की खड्डा पडतो, हात घाईत गेला की तार मागे राहून लाट उमटते. तिच्या वेगाने चालायचं, इतकंच. आई बाजूला बसून बघत होती. बाप्पाच्या मखराचं विमान, म्हणाली, आणि थोड्या वेळाने, म्हणजे पडणार नाही. ते पडलं, बऱ्याच वेळा, पण तिला ते अजून सांगितलेलं नाही.

पंखाच्या आत बांबूची लांब पट्टी बसवली आहे, कण्यासारखी. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर हे मात्र घरच्या मखरात मिळत नाही. पूर्वी त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चकरा व्हायच्या. उल्हासनगरचा बाजार जवळचा. तिथे काय मिळत नाही असा प्रश्न पडतो, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. ग्लू गन, टेप, स्प्रिंगा, बारीक स्क्रू, सगळं तिथलंच. विमानं उडवणाऱ्या आमच्यातल्या काहींच्या बोटांना ही सवय लागली ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये, जिथे एरोमॉडेलिंग शिकवतात. मला मात्र वयाच्या चाळिशीत लागली. उशिरा लागलेल्या सवयी जास्त चिकट असतात.

चला, निघूया.

मार्गशीर्ष संपत आलाय. भाताची कापणी होऊन गेली, खाचरांत धसकटं उरली आहेत. काही तुकड्यांत मुरलेल्या ओलीवर वाल पेरलाय आणि त्याची हिरवी पानं दंवाने जड झाली आहेत. नदीच्या अंगाला पांढरं धुकं पसरलंय, कमरेइतकं. नैऋत्येला मलंगगडाचा सुळका काळा दिसतोय. त्याच्यावर अजून ऊन आलेलं नाही. पायाखाली बांध आहे. बांधावरून एका मागोमाग एक चालायचं असतं, म्हणून पाऊल बघून टाका. चार पावलं नुसती चाला. हातात पंख आहे, तो वाऱ्याला आडवा धरलात तर तुम्हाला वळवायला बघेल. उभा धरा.

ज्या मोकळ्या तुकड्यावर आपण उडवणार आहोत तो माझा नाही. काकांचा आहे. पहिल्या दिवशी विचारायला गेलो तेव्हा ते गुरांना पेंढा टाकत होते. मी बरंच काही समजावून सांगितलं. बॅटरीवर चालतं, धूर नाही, आवाज थोडा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उडवा. पडलं तर बांधावरनं जा. वालात पाय टाकू नका.” आमचा करार एवढाच आहे. तो मी एकदा मोडला, ते पुढे येईलच.

विमान आणि जमीन यांचं या भागातलं नातं सरळ नाही. इथून पश्चिमेला नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची धावपट्टी आहे. इंग्रजांनी युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, युद्ध संपलं, जमिनी परत मिळाल्या नाहीत. पुढे त्या नौदलाकडे राहिल्या. जून २०१७ मध्ये तिथे कुंपणाच्या कामावरून शेतकरी रस्त्यावर आले, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. ज्या विमानांसाठी ती धावपट्टी केली ती जाऊन पाऊणशे वर्षं होत आली होती. मी नऊशे ग्रॅमचं थर्माकोल घेऊन दुसऱ्याच्या खाचरात उभा राहतो तेव्हा नेवाळी आठवतेच. म्हणून विचारायला गेलो होतो, असं म्हणणं मात्र खोटं होईल. भीतीने गेलो होतो.

सरकारी बाजूही एका दमात सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा विमानांना स्वतंत्र जागा आहे: २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा मौजेसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हिरव्या क्षेत्रात उंची १२० मीटरपर्यंत. लाल-पिवळं-हिरवं क्षेत्र सरकारी नकाशावर दिसतं आणि तो नकाशा आधी बघायचा, कारण अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि विमानतळांची वर्तुळंही वाढत चालली आहेत. बघितला? ठीक. आता फोन खिशात.

विमान बांधावर ठेवा. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. क्रम उलटा करू नका. मोटर तीन स्वर गाते आणि गप्प होते.

उजवी काठी हळूच डावीकडे न्या. पंखाच्या मागच्या पट्ट्या हलल्या, डावी वर, उजवी खाली. काठी सोडा, पट्ट्या मध्ये आल्या. इथे जरा थांबा. मला या ‘मध्ये येण्या’बद्दल काही सांगायचंय.

विमानातला रिसीव्हर प्रत्येक सर्व्होला, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरला, सेकंदाला ५० वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका एक मिलिसेकंदाचा असला तर सर्व्हो एका टोकाला जातो, दोन मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या टोकाला. मधोमध म्हणजे दीड. तुम्ही अंगठा स्थिर ठेवता तेव्हा काहीच घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या स्थिर अंगठ्यातून सेकंदाला पन्नास वेळा एकच निरोप जात असतो: दीड, दीड, दीड. राहा, राहा, राहा. तो निरोप थांबला तर विमानाला आपण सोडून गेलो असं कळतं आणि ते मोटर बंद करून घेतं, म्हणजे आपण तसं आधी शिकवून ठेवलेलं असतं.

अंगठ्याचं टोक काठीवर आहे असं समजा. काठीच्या डोक्यावर बारीक काटे आहेत, ते त्वचेला जाणवतात. काहीही हलवू नका. दीड. दीड. दीड. दहा-बारा श्वास एवढंच.

वाऱ्याकडे बघा. धसकटातलं एक पातं उचलून सोडा. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे वारा जमिनीकडून येतो, पूर्वेकडून, अगदी मंद; दुपारनंतर तो फिरतो आणि खाडीकडून येऊ लागतो. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं आणि सूर्य मात्र डोळ्यांसमोर नको. आज दोघेही पूर्वेला. म्हणून आपण उत्तरेकडे तोंड करून उभे राहू, सूर्य उजव्या कानाशी ठेवू, आणि विमान सोडताना तेवढं उजवीकडे वळू. असल्या तडजोडी प्रत्येक सकाळी वेगळ्या असतात.

डाव्या हाताच्या अंगठ्याने थ्रॉटल वाढवा. पंखा खेचायला लागला, विमान हातातून निघायला बघतंय. ते तुमच्या उजव्या हातात आहे, डोक्याच्या उंचीवर, नाक क्षितिजाकडे. आकाशाकडे नाही. नवीन माणूस विमान वर फेकतो. वर फेकलेलं विमान लगेच दमतं. दोन पावलं पुढे, आणि भाला टाकावा तसं नव्हे, ताट सरकवावं तसं, सरळ.

सुटलं.

पहिले तीन सेकंद विमान खाली जातं. वेग मिळेपर्यंत ते जातंच. या तीन सेकंदांत अंगठा काठी मागे ओढायला धावतो. त्याला धावू द्यायचं नाही. पंख उडतो तो हवेत किती वेगाने आणि किती कोनात शिरतो त्यावर, आणि कोन पंधरा अंशांच्या आसपास गेला की वरून वाहणारी हवा पंखाला सोडते. मग नाक वर असूनही विमान पडतं. याला स्टॉल म्हणतात. वर ओढल्यामुळे पडणं ही गोष्ट डोक्याला पटते, अंगठ्याला पटायला दोन-तीन विमानं लागतात.

ते चढलं. बघा, चढलं. तीस मीटर, चाळीस. नारळाच्या झाडाच्या दुप्पट-अडीचपट. थ्रॉटल अर्ध्यावर आणा. आवाज उतरला.

आता विमान तुमच्यापासून लांब, डावीकडून उजवीकडे, सरळ जातंय. आणि आता मी तुम्हाला जे सांगण्यासाठी इतक्या लांब आणलं ते: अंगठे उचला. दोन्ही. काठ्यांपासून बोटभर वर.

काय होतंय?

विमान थोडं डावीकडे झुकतंय का? मग काठीशेजारचं छोटं बटण उजवीकडे एकदा दाबा. टिट. त्याला ट्रिम म्हणतात. पुन्हा अंगठे वर. अजून? टिट. नाक खाली जातंय? दुसरं बटण, एकदा. पुन्हा अंगठे वर. चांगलं घडवलेलं आणि नीट तोललेलं विमान यानंतर तुमच्यावाचून सरळ जातं. वाऱ्याच्या झुळकेने एक पंख वर गेला तरी ते आपलं आपण परत येतं, कारण पंख मधोमध किंचित वर मोडलेला आहे, उथळ इंग्रजी व्हीसारखा, आणि शेपटीचा कोन पंखाच्या कोनाशी बेताने जुळवलेला आहे. हे दोन उपाय एकत्र करून ज्याने पहिलं खेळण्याएवढं विमान सोडलं तो फ्रेंच तरुण आल्फोन्स पेनो. ऑगस्ट १८७१, पॅरिसची तुइलरी बाग. रबराच्या पिळावर चालणारं, हातभर लांबीचं विमान; ११ सेकंदांत ४० मीटर गेलं. त्याला काठी नव्हती, रेडिओ नव्हता, वैमानिक तर नव्हताच. हातातून सुटल्यावर सगळं त्याचं त्याला करायचं होतं.

रेडिओ आला तो बराच पुढे. अमेरिकेत मिशिगनमधल्या कलामझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओने वळणारं विमान उडवलं, आणि ते ‘गफ’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. माझ्या कल्पनेत त्यांचेही अंगठे पहिले काही महिने शिवशिवत असणार.

माझे शिवशिवायचेच. विमान उत्तम चाललेलं असायचं आणि मी उगाच थोडं डावीकडे, उगाच थोडं वर, मग केलेलं निस्तरायला उजवीकडे, असं करून त्याला दारू प्यायल्यासारखं झुलवायचो. मला वाटायचं मी उडवतोय. तसं नाही, हे कळलं एका घारीमुळे.

ऊन तापायला लागलं की दहाच्या पुढे घारी येतात. गरम हवेचा एखादा झोत खाचरातून वर उठतो आणि त्यांना तो आपल्याआधी कळतो. त्या दिवशी एक घार माझ्या विमानाच्या वीसेक फुटांवर येऊन त्याच गोलात फिरू लागली. पंख पसरलेले, एकदाही न हललेले. पण शेपूट बघा, दुभंगलेली, ती सारखी पिळत होती. एक कड खाली, मग दुसरी, अगदी थोडी, आपण मान हलवून हो-हो म्हणतो तेवढी. तिचं सगळं उडणं त्या पिळण्यात होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि काठ्या विसरलो. विमान दोन पूर्ण गोल माझ्याशिवाय फिरलं. चांगलं फिरलं.

तुमच्या डोळ्यांपुढे ती घार असू द्या. तिचा पंख बघू नका, शेपूट बघा. अंगठे अजून वरच आहेत ना?

मेनार्ड हिल नावाच्या अमेरिकन म्हाताऱ्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. सत्तरी उलटलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्याने घडवलेलं, पाच किलोंहून कमी वजनाचं विमान ऑगस्ट २००३ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलँडहून हाताने फेकलं गेलं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अटलांटिक पार. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. निघताना आणि उतरताना माणसांनी काठ्या धरल्या. मधले जवळजवळ तीन हजार किलोमीटर विमानातलं छोटं यंत्र आणि हिलचे आधीचे काही हजार तास. ज्याला आपलं विमान आकाशात नीट दिसतही नव्हतं त्याचं विमान सगळ्यात लांब गेलं. मी या गोष्टीपाशी बऱ्याचदा येऊन बसतो. तुम्हीही क्षणभर बसा, मग आपल्याला वळायचंय, कारण विमान फार लांब गेलं.

वळवा. डावीकडे, हळू. आता ते तुमच्या दिशेने येतंय.

लांब जाणाऱ्या विमानाचं डावं तेच तुमचं डावं असतं. येणाऱ्या विमानाचं डावं म्हणजे तुमचं उजवं. लहान मुलाच्या शर्टाची बटणं समोरून लावताना बोटं कशी अडखळतात, तसं अंगठ्याचं होतं. डावीकडे वळवायला जावं आणि ते उजवीकडे जावं. घाबरून आणखी डावीकडे न्यावं, ते आणखी उजवीकडे. माझी तीन विमानं या एका गोंधळात गेली. मला एका जुन्या माणसाने जी युक्ती सांगितली ती इतकीच: येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला काठी न्या. कुडाची भिंत झुकली की त्या बाजूला टेकू देतो, तसा टेकू द्या.

खुर्चीतच करून बघा. विमान तुमच्याकडे येतंय. तुमच्या उजव्या हाताकडचा पंख खाली गेला. अंगठा उजवीकडे, थोडा. पंख वर आला. अंगठा मध्ये. आता डावीकडचा. टेकू. मध्ये. हे विचार करून करायला गेलात तर उशीर होतो. दहा वेळा करा, म्हणजे विचार मागे राहील.

घड्याळ बघा. २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी, सरासरी पंधरा अँपिअरचा ओढा आणि तळाचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणजे सात मिनिटं मिळतात. पंख कापायला दोन संध्याकाळी, तोलायला पहाट, चालत यायला वीस मिनिटं, आणि उडणं सात मिनिटं. बायको हे गणित मला अधूनमधून करून दाखवते. गणित बरोबर आहे.

एका रविवारी मी आठवं मिनिट वापरायला गेलो. विमान खाली, माझ्याकडे येत, वळणावर, आणि मोटरने दम सोडला. मी वर ओढलं. आता तुम्हाला माहीत आहे पुढे काय होतं. डावा पंख आधी गेला. आवाज फार मोठा नसतो. ओला नारळ जमिनीवर पडावा तसा, एकदाच.

नंतरची शांतता ऐका. टिटवी ओरडून गेली असेल तर तीही गेली. पाय धावायला बघतात. धावू नका. विमान वालात पडलंय आणि मी त्या दिवशी सरळ वालातून धावलो होतो, काकांची अट मोडून. सहा-सात वेली तुडवल्या. नंतर जाऊन सांगितलं, ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला चांगलंच लागलं.

बांधावर उभे राहा. थ्रॉटल पूर्ण खाली. उजवी काठी डावी-उजवी हलवा आणि कान द्या. पाल्यातून बारीक कुरकुर येते, सर्व्होची, किड्यासारखी. दीड, एक, दीड, दोन. विमान मोडलंय, पण ऐकतंय. त्या आवाजाच्या दिशेने, बांधाबांधाने, चला. त्या दिवशी माझ्याआधी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिथे पोहोचला होता. त्याने विमानाला हात लावला नव्हता, बाजूला उकिडवा बसून होता. “काका, हे अजून हलतंय,” तो हलक्या आवाजात म्हणाला, आजारी माणसाजवळ बोलतात तसा.

आधी बॅटरी काढा. ती दबली, फुगली असेल तर पिशवीत टाकू नका. मोकळ्या जागी, धसकटापासून दूर, वीस मिनिटं ठेवून बघत राहा. लिथियम-पॉलिमरची बॅटरी उशिराही पेट घेते. मग तुकडे वेचा. सगळे. वाटाण्याएवढेसुद्धा.

घर. रात्र. टेबल पुसून घ्या आणि दुधाची रिकामी पिशवी कापून, उलगडून पसरा, म्हणजे गोंद लाकडाला धरणार नाही. डावा पंख मधल्या जोडापासून चाळीस सेंटिमीटरवर मोडलाय. तुटलेल्या कडा डोळ्यांजवळ आणा. थर्माकोल कापला तर सपाट होतो, मोडला तर दाण्यादाण्याने सुटतो. एका बाजूला अर्धगोल खळगे, दुसऱ्या बाजूला तेच अर्धगोल दाणे, उठलेले. कातर मारून कड सरळ करायचा मोह होतो. नका करू. दोन्ही तुकडे कोरडेच एकमेकांजवळ न्या, थोडे सरकवा, अजून थोडे, आणि एका जागी दाणे खळग्यांत बसतात. बोटांना कळतं. रेघ जवळजवळ नाहीशी होते.

तेवढ्यापुरतं तसंच धरून बसा.

आता वेगळे करा आणि गोंद लावा, सुतारकामाचा पांढरा, सावकाश वाळणारा. क्षणात चिकटणारा सायनोअॅक्रिलेटचा गोंद मी एकदा घाईने वापरला होता. त्याने थर्माकोल खाल्लं, उंदराने बिळं पाडावीत तसं. पांढऱ्या गोंदाला रात्र लागते. भेगेच्या आरपार बांबूच्या तीन काड्या तिरप्या खुपसा, त्यांनाही गोंद. वरून दुसरी पिशवी, त्यावर सपाट फळी, फळीवर पुस्तकं. बॅटरी साठवणीच्या पातळीवर, दर सेलला ३.८ व्होल्ट, आणून पत्र्याच्या डब्यात. दिवा घालवा.

सकाळी विमान नाकाला आणि शेपटीला धरून उचला. डावा पंख खाली जातो. गोंद आणि काड्या मिळून सहा ग्रॅम वाढलेत, मधापासून चाळीस सेंटिमीटरवर. उजव्या पंखाचं टोक साठ सेंटिमीटरवर आहे. जत्रेतल्या तराजूसारखा विचार करा: सहा गुणिले चाळीस, तर साठला किती? चार. रुपयाचं नाणं जवळपास तेवढंच भरतं. उजव्या टोकाला खाच करा, नाणं बसवा, टेप. पुन्हा नाक आणि शेपूट धरून उचला. झुलू द्या.

पुढचा रविवार. मुलगा बांधावर आधीच येऊन बसलाय. काकांच्या वालाला शेंगा धरल्या आहेत. वारा पूर्वेकडून, मलंगगडावर ऊन आलेलं. या खेपेला विमान मुलाच्या हातात आहे. नाक क्षितिजाकडे, मी सांगितलं तसं. दोन पावलं, आणि सरळ.

तीन सेकंद ते खाली जातं. मग चढतं. वळण घेऊन समोर आलं की कळतं, अजून थोडं डावीकडे ओढतंय. मोडलेला पंख केसभर पिळलेला राहिला असणार. टिट. बघतो. टिट. बघतो. टिट.

अंगठे वर. घड्याळात साडेचार मिनिटं उरली आहेत.